गेटवरचं शून्य

माझ्या मोठ्या नणंदेला कारखान्यात सगळे 'फौजदार' म्हणायचे. घरात मी त्यांना वन्सं म्हणते, पण लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात मनातल्या मनात मीही फौजदारच म्हणायचे. आमचं घर दोन खोल्यांचं, त्यात आम्ही दोघं नवराबायको आणि त्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं. कोणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "मला न विचारता ठरवलं असतं तर मी मोडलं असतं, आणि मला विचारायचं धाडस कोणाला झालं नाही." धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यांनीच लहानाचं मोठं केलं होतं. त्यामुळे मला सासू नाही असं म्हणायची सोय नव्हती.

वन्सं पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसवर होत्या. मी पुढे त्याच कारखान्यात पॅकिंगला लागले, तेही त्यांच्याच ओळखीनं. प्रेसवरचं काम दिसायला सोपं. पत्र्याची चकती ठेवायची, दोन हातांनी दोन बटणं दाबायची, की वरून साच्याची अवजड डाय खाली येते आणि डब्याचं झाकण तयार होतं. बटणं दोन अशासाठी, की डाय खाली येताना माणसाचे दोन्ही हात बाहेर असावेत. पण त्यात वेळ जातो. म्हणून सुपरवायझरनं जवळपास सगळ्या प्रेसवर एका बटणाच्या खाचेत लाकडाची पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. एका हातानं चकती सरकवायची, दुसऱ्या हातानं उरलेलं बटण दाबायचं. काम झपाट्यानं व्हायचं. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे गप्प होते.

एका सकाळी त्या पाचरीपायी वन्संच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

मी रडत रडत दवाखान्यात पोचले तर त्या उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज नेहमीचाच. म्हणाल्या, "रडू नकोस. अंगठा शाबूत आहे. कोणाला दाखवायची वेळ आली तर अडणार नाही."

दुसऱ्याच दिवशी कंपनीची गाडी दवाखान्याच्या दारात उभी राहिली. हाताला बँडेज, अंगात ताप, अशा अवस्थेत वन्संना ऑफिसात नेऊन एका खुर्चीवर बसवलं आणि हजेरी लावली. पुढचे काही दिवस हेच चाललं. आम्हाला वाटलं, बाईचा रोज बुडू नये म्हणून कंपनी काळजी घेते आहे. मग एक दिवस साहेबांनी माणसाबरोबर एक हातमोजा पाठवला. अंगाच्या रंगाचा, बारीक शिलाईचा, तीन बोटांत कापूस भरलेला. कारखान्यात पाहुणे येतात, तेव्हा बरं दिसावं म्हणून घालायचा, असा निरोप होता. वन्संनी तो नीट निरखून पाहिला, चांगला शिवलाय म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवला. तेव्हापासून आमच्याकडे गरम पातेली त्या हातमोज्यानं उतरतात.

हात बरा झाल्यावर त्यांना हलकं काम मिळालं. गेटची झाडलोट आणि बोर्ड. गेटच्या आत शिरल्याशिरल्या डोळ्यांत भरेल असा मोठा हिरवा बोर्ड होता, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'अपघाताविना दिवस', आणि खाली हुकांना टांगलेल्या आकड्यांच्या पत्र्याच्या पाट्या. रोज सकाळी आकडा एकानं वाढवायचा. पहिल्याच दिवशी वन्संच्या लक्षात आलं, की आकडा चांगला लांबलचक आहे. त्यांनी वॉचमनकाकांना विचारलं, माझी बोटं गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी काय लावलं होतं? काकांनी मान खाली घातली आणि सांगितलं, पुढचा आकडा. जखमी माणूस दुसऱ्या दिवशी कामावर हजर असेल तर तो अपघात धरत नाहीत.

तेव्हा कुठे त्या खुर्चीचा अर्थ आम्हाला कळला.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी हे सांगितलं आणि पुन्हा त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्या दिवसांत माझ्या नवऱ्याच्या हाताला काम नव्हतं, माझी पॅकिंगची नोकरी नवी होती. घर त्यांच्या जिवावर चाललं होतं. त्यांनी तो घास गिळला. पण रोज सकाळी स्वतःच्या हातानं तो खोटा आकडा वाढवताना त्यांना काय होत असेल, याचा विचार मी फार उशिरा केला.

प्रेसच्या डाय बदलणारा एक सेटर होता. त्याला सगळे 'शिट्टी' म्हणायचे, कारण काम करताना तो सतत शिट्टी वाजवायचा. पॅकिंग आणि प्रेस यांच्यामध्ये भिंत होती, त्यामुळे आम्हाला तो दिसायचा नाही, फक्त ऐकू यायचा. कंपनीचा नव्हता, ठेकेदाराचा होता, पण कोणत्या प्रेसची काय दुखणी आहेत हे विचारायला सगळे त्याच्याकडेच जायचे. वन्संचं आणि त्याचं मेतकूट जमलेलं होतं. सकाळी आत येताना तो बोर्डाखाली थांबून विचारायचा, "फौजदार, आज किती नाबाद?" त्या म्हणायच्या, "पंच आंधळा असला की सगळेच नाबाद." डाव्या हातानं पाट्या काढताना त्यांची ओढाताण व्हायची हे पाहून त्यानं त्यांना एक लांब दांड्याची आकडी वाकवून दिली होती, न मागता.

त्या दिवशी दुपारच्या शिफ्टला त्याला एका मोठ्या प्रेसची वरची डाय उतरवायची होती. त्यासाठी माणसाला आत वाकावं लागतं. अशा वेळी वरचा भाग घसरून खाली येऊ नये म्हणून मध्ये एक लोखंडी ठोकळा उभा करतात. त्या प्रेसचा ठोकळा जागेवर नव्हता. गोदामाचं दार वाऱ्यानं आपटतं म्हणून कोणीतरी तो तिकडे दाराशी लावून ठेवला होता, आणि गोदामवाले परत देत नव्हते. शिट्टीनं तो मागितला होता. आदल्या आठवड्यात मागितला होता, त्या दिवशीही मागितला. सुपरवायझर म्हणाला, गाडी भरायची आहे, आजच्या दिवस भागव.

भिंतीपलीकडे शिट्टी ऐकू येत होती आणि मग ऐकू येईनाशी झाली. आवाज असा काही झालाच नाही. थोड्या वेळानं ओरडाआरड सुरू झाली.

त्याला बाहेर काढायला बराच वेळ लागला. काढला तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. जमिनीवर लाकडाचा भुसा टाकला, मग पाणी मारलं, आणि शेजारच्या प्रेस पुन्हा चालू झाल्या, कारण गाडी भरायची होती. आमच्याकडे झाकणं यायला लागली. आम्ही बायका ती हातात घ्यायला धजत नव्हतो. शेवटी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं नेहमीपेक्षा लवकर निघाल्या. मी मागोमाग पोचले तर गेटवर गर्दी. बोर्डावरच्या सगळ्या पाट्या त्यांनी उतरवून खाली रचून ठेवल्या होत्या आणि मधल्या हुकाला एकच पाटी लावली होती. शून्य.

आधी सुपरवायझर आला, हातवारे करून गेला. मग सेफ्टीसाहेब आले. हे सुरक्षेचं खातं सांभाळायचे. वयानं तरुण, स्वभावानं सरळ, पण सदा कोणाच्या तरी धाकात. ते हळू आवाजात समजावू लागले, की आकडा काय असावा हे वरून ठरतं, त्यांच्याही हातात नसतं. तेवढ्यात मोठे साहेब गाडीतून उतरले. त्यांना घाई होती. पुढच्या आठवड्यात मुख्य ऑफिसची माणसं येणार होती, इतके दिवस अपघात न झाल्याबद्दल ढाल द्यायला. मांडव घालणारे मापं घेऊन गेले होते.

"बाई, आकडा लावा," साहेब म्हणाले. "झालं ते वाईट झालं. पण तो आपला माणूस नव्हता. ठेकेदाराचा होता."

वन्संनी झाडू भिंतीला टेकवला.

"मेला कुठे, साहेब? ठेकेदाराच्या घरी?"

साहेब घड्याळात पाहू लागले.

"जगताना तो कोणाचा होता ते तुम्ही ठरवलंत," त्या म्हणाल्या. "मेला तो आपल्या छपराखाली. बोर्ड छपराचा आहे. आणि बोर्ड लावायचं काम तुम्हीच मला दिलंय."

साहेबांनी वॉचमनकाकांना खूण केली. काकांनी जड हातानं शून्य काढलं आणि पुढचा आकडा लावला. काका वर पाहत नव्हते. दुपारच्या सुट्टीत वन्संनी आकडा काढून पुन्हा शून्य लावलं. संध्याकाळी परत आकडा. असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी पाट्या ऑफिसात कुलूपबंद झाल्या. रोजचा आकडा आता सुपरवायझर स्वतः येऊन लावायचा आणि हुकाला तारेनं आवळून टाकायचा.

घरी माझा नवरा अस्वस्थ होता. तो ताईच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता, पण त्या संध्याकाळी त्याचा तोल गेला. म्हणाला, तुझी बोटं गेली तेव्हा तू गप्प बसलीस, मग परक्या माणसासाठी एवढा आटापिटा कशाला? हिची नोकरी घालवशील, तुझीही जाईल.

वन्सं ताटावर बसल्या होत्या. डाव्या हातानं जेवायची त्यांना आता सवय झाली होती. घास खाली ठेवून म्हणाल्या, "माझ्या वेळी मी शून्य लावलं असतं, तर ठोकळा गोदामात गेला नसता."

मला वाटलं, बोलणं संपलं. पण त्या माझ्याकडे वळल्या. "तू मात्र तोंड उघडू नकोस. दोघींना पुरेल एवढं तोंड मला आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्रेसच्या मागच्या भंगारातून एक झाकण उचललं. कडेला चीर गेलेलं, बाद झालेलं. त्याला भोक पाडून तार ओवली आणि बोर्डाच्या खालच्या चौकटीला अडकवलं. पत्र्याचं वाटोळं झाकण. वर सुपरवायझरचा लांबलचक आकडा, खाली हे. बघणाऱ्याला वेगळं काही सांगायची गरज नव्हती. सुपरवायझरनं ते ओरबाडून फेकलं. भंगारात झाकणांना काय तोटा! त्यांनी दुसरं लावलं.

त्याच दिवशी त्यांना आत बोलावून सांगण्यात आलं, की उद्यापासून येऊ नका. त्या घरी आल्या, पाय धुतले, चहा प्यायल्या. मला वाटलं होतं त्या खचतील. त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता मला कोणी आत जा म्हणणार नाही." आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला जाऊन गेटच्या बाहेर उभ्या राहिल्या. रस्ता कंपनीचा नव्हता.

मी आत गेले. पॅकिंगमध्ये टेबलाशी उभी राहिले, झाकणं मोजून खोक्यात भरू लागले. भिंतीपलीकडे प्रेसचा दणदणाट होता आणि त्यात जिथे शिट्टी असायची तिथे काही नव्हतं. मला घरचं सगळं दिसत होतं, नवऱ्याचा चेहरा दिसत होता. दुपारच्या सुट्टीत मी एक बाद झाकण उचललं आणि गेटपर्यंत चालत गेले. मी ते बोर्डाला अडकवलं. वन्सं गजांपलीकडून बघत होत्या. "तुला गप्प बस म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मी तोंड कुठे उघडलंय?

माझ्या मागून पॅकिंगच्या दुसऱ्या एकीनं लावलं. मग प्रेसवरचे आले. ज्यांची पेरं गेली होती, ज्याच्या पायावर डाय पडली होती आणि ज्याला महिनाभर खुर्चीवर बसवून ठेवलं होतं, ते सगळे आले. सुपरवायझर काढून काढून थकला. कोणाकोणाला काढणार? गाडी तर भरायचीच होती.

ढाल द्यायचा दिवस उजाडला तेव्हा मांडव घातलेला होता, खुर्च्यांना पांढरी कापडं होती, आणि गेटच्या दोन्ही बाजूंच्या कुंपणाला झाकणं लटकत होती. पाहुण्यांची गाडी यायच्या थोडी आधी रस्त्यानं शिट्टीची बायको आली. बरोबर शाळेच्या कपड्यांतली मुलगी. तिला आमच्यातल्या कोणीच बोलावलं नव्हतं. तिला कोणीतरी सांगितलं होतं, की तुझ्या नवऱ्यासाठी कोणी बाई रस्त्यावर उभी आहे. ती वन्संसमोर येऊन थांबली. रडली नाही. म्हणाली, कंपनीचा माणूस घरी येऊन सांगून गेला, की चूक त्याची होती, निष्काळजीपणा केला. मुलीनं ते ऐकलंय. शाळेतही तेच ऐकतेय. मला बाकी काही नको, हिला खरं काय ते कळू दे.

तेवढ्यात मोठे साहेब, सेफ्टीसाहेब आणि मागोमाग पाहुणे गेटपाशी आले. पाहुण्यांनी कुंपणाकडे पाहिलं आणि विचारलं, ही कसली सजावट? साहेब हसून काहीतरी सांगायला लागले. वन्संनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी सेफ्टीसाहेबांना हाक मारली. आवाज चढवला नाही.

"साहेब, ही त्याची मुलगी. हिला एवढंच सांगा. त्या दिवशी प्रेसमध्ये ठोकळा होता, का नव्हता?"

सेफ्टीसाहेबांचा चेहरा मला आजही आठवतो. एका बाजूला मोठे साहेब, दुसऱ्या बाजूला ती मुलगी, दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरून उभी. चूक सेटरची असं त्यांनीच लिहून दिलं होतं, त्यांना तसं लिहायला लावलं होतं. मग त्या मुलीकडे बघून म्हणाले, "नव्हता." आणि थोडं थांबून, "त्यांनी मागितला होता. आम्ही दिला नाही."

मुलीनं आईकडे पाहिलं. आईनं तिचा हात धरला आणि मान हलवली, जणू एवढंच न्यायला आली होती. वन्संनी पहिल्यांदाच डोळे पुसले, ते त्या अर्ध्या हाताच्या पाठीनं.

ढाल त्या दिवशी दिली गेली नाही. पाहुणे चहाही न घेता गेले. आता सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. चौकशी बसली, लांबली. मोठे साहेब दुसरीकडे बदलून गेले आणि तिकडेही मोठेच राहिले. सेफ्टीसाहेबांनी नोकरी सोडली, का त्यांना सोडायला लावली, ते कळलं नाही. चौकशीत मात्र त्यांनी शब्द फिरवला नाही, त्यामुळे निष्काळजीपणाचा ठपका शिट्टीवरून निघाला आणि त्याच्या बायकोला जे मिळायचं ते मिळालं. प्रत्येक प्रेसला पिवळा रंग दिलेला ठोकळा साखळीनं बांधून टाकला गेला. आकड्यांचा बोर्ड कंपनीनं गुपचूप उतरवला. वन्संना कामावर परत घेतलं नाही. त्यांनी अर्जविनंत्याही केल्या नाहीत. आता त्या एका इस्त्रीच्या दुकानात कपड्यांच्या घड्या घालतात आणि मालकालाही घडी कशी घालावी ते शिकवतात.

पुढच्या वर्षी शिट्टी गेल्याचा दिवस आला तेव्हा नव्या साहेबांनी आधीच बजावलं होतं, की काम थांबलं तर पगार कापू. दुपारी त्याच वेळेला प्रेसवाल्यांनी एकेक करून यंत्रं बंद केली. इतकी वर्षं मी तिथे काम करते, पण भर शिफ्टमध्ये तो कारखाना इतका शांत मी कधी ऐकला नव्हता. आम्ही सगळे गेटपाशी आलो. बाहेर वन्सं, शिट्टीची बायको आणि मुलगी. वन्संनी त्याचं पूर्ण नाव घेतलं, टोपणनाव नाही, आणि आम्ही सगळ्यांनी ते म्हटलं. मग रस्त्यावरचा एक म्हातारा पुढे आला. त्याचा मुलगा फार पूर्वी याच कारखान्यात बॉयलरपाशी गेला होता. त्यानं त्या मुलाचं नाव घेतलं. तेही आम्ही म्हटलं. पगार कापला. पुढच्या वर्षी पुन्हा यंत्रं थांबली. तेव्हा कापला नाही.

आता कुठे काही झालं की लोक वन्संना सांगायला येतात. गेल्या महिन्यात गावाबाहेर एका बांधकामावर परांची कोसळली, दोघं गेले. लांबून कामाला आलेले होते, इथे त्यांचं कोणी नव्हतं. माझा नवरा म्हणाला, ताई, एवढ्या लांब, एवढ्या उन्हात, तुझे गुडघे बघ. मग स्वतःच टेम्पो काढला, हल्ली तो टेम्पोच चालवतो. मीही बसले.

पत्र्याच्या फाटकापाशी रखवालदारानं आम्हाला अडवलं. काम चालू आहे, आत कोणाला सोडायचं नाही. त्यानं वन्संना विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण लागता?

"कोणीच नाही," वन्सं म्हणाल्या. "नात्यातलं कोणी आलं की तुम्ही त्याला रडू देता आणि परत पाठवता. मी रडायला आले नाही. त्या दोघांची नावं काय होती, तेवढं तुझ्या साहेबाला बाहेर येऊन सांगायला सांग."

रखवालदार म्हणाला, साहेब नाहीत. वन्संनी टेम्पोतलं वर्तमानपत्र घेतलं, फाटकासमोर सावलीत अंथरलं आणि त्यावर बसल्या. मला म्हणाल्या, "तूही बस. वेळ लागेल."